साडेसहाला येतो

काका : माउस राहू दे, याला तो लागतच नाही.

मुलगी : बाबांनी त्याची वायर गुंडाळून, वर रबर लावून ड्रॉवरच्या तळाशी टाकला होता. कालच शोधून काढला. म्हटलं, तुम्ही येणार, तुम्हाला लागेल.

काका : सर म्हणायचे, माउस हातात आला की माणूस विचार करायचा थांबतो. आम्हाला सगळं कीबोर्डावरून करायला लावायचे. मी तर त्यांच्या हाताखाली चार वर्षं...

मुलगी : तुम्ही म्हणजे कंस ना?

काका : ते तुला माहितीये?

मुलगी : घरात सगळ्यांना माहिती होतं. प्रोग्रॅममधे कंस उघडायचा आणि बंद करायला विसरायचा, म्हणून कंस. मी लहानपणी विचारलं होतं, कंस तर मामा असतो, मग यांना काका का म्हणायचं?

काका : मग सर काय म्हणाले?

मुलगी : म्हणाले, याचा स्वभाव मामाचा नाही. काका, साडेपाच वाजलेत. आपल्याकडे पाऊण तास आहे.

काका : हो हो, बसलोच. फोनवर तू नुसतं म्हणालीस, एक वाक्य बदलायचंय. कुठलं?

मुलगी : पडद्यावर वर मधोमध चौकट आहे बघा. मोठ्यानं वाचा.

काका : ‘जरा बाहेर जातोय. साडेसहाला येतो.’

मुलगी : बाबांना जाऊन दीड महिना झाला.

काका : आणि हे अजून असंच येतंय?

मुलगी : आई हे रोज वाचते. एकदा नाही, एफ पाच दाबून पडदा ताजा करेल तितक्यांदा. सव्वासहाला चपला घालते आणि खाली जाऊन कोपऱ्यावर उभी राहते. आधी कोपऱ्यावरच थांबायची, मी आठ वाजता समजूत काढून वर आणायचे. गुरुवारी मी दूध तापवत होते, तेवढ्यात ती मोठा रस्ता ओलांडून बसथांब्यापर्यंत गेली. एका स्कूटरवाल्याचा आरसा लागला कोपराला. त्यानंच आणून सोडली. चांगला माणूस होता, जिन्यावर बसून माझ्याआधी तोच रडला.

काका : वहिनी आता कुठंयत?

मुलगी : आत पडलीये. सहाला उठते. उठली की सरळ या खुर्चीत.

काका : मग मशीनच बंद ठेवायचं ना काही दिवस. म्हणजे मी आपलं सुचवतोय.

मुलगी : ठेवलं होतं. दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. ‘लाइन गेलीये, येईल.’ पाणी प्यायला उठली नाही, जेवली नाही. लाइन गेली म्हणून जागा सोडायची नसते म्हणाली. अठ्ठावीस वर्षं तिकीट आरक्षणाच्या खिडकीवर काढलीत तिनं. चार नंबर.

काका : अच्छा. म्हणून हा हिरवा रंग. मी बघतोय केव्हाचा, सरांना हिरवा आवडायचा नाही कधी.

मुलगी : तिच्या ऑफिसात असाच पडदा होता. स्मरणशक्ती जायला लागली तेव्हा मी तिला नवा फोन आणून दिला, मोठ्या अक्षरांचा. ती त्याच्या काचेवर बोट ठेवून बसून राहायची. आणि एकदा बाबांनी कशासाठी तरी हे मशीन उघडलं होतं, असाच काळा पडदा. ती मागून आली, खुर्ची ओढली आणि टॅब, टॅब, एंटर. बोटं आपोआप चालली. नवऱ्याचं नाव आठवायला वेळ लागत होता तिला त्या दिवशी. बाबा सहा महिने हेच करत बसले मग.

काका : सुंदर केलंय गं. म्हणजे कसं असतं, यात तयार ठोकळे मिळतात. चौकट, यादी, बटण, लिहायची ओळ. विजेट म्हणतात. चित्रबित्र काही नाही, सगळं अक्षरांतूनच उभं करायचं, ही चौकटीची रेघसुद्धा अक्षरच आहे. प्रत्येक ठोकळ्याला सांगायचं, तू इथं बस, एवढा रुंद हो, अमकी कळ दाबली की जागा हो. आता गोळ्यांची यादी बघ. वेळ झाली की ओळ लुकलुकणार, आणि वहिनींनी एंटर दाबल्याशिवाय थांबणार नाही.

मुलगी : आणि एंटर दाबायच्या आधी ती गोळी घेते. न घेता दाबत नाही. नोंद खोटी करायची नाही म्हणते. मी हातावर ठेवलेली गोळी घेत नाही, पडद्यानं सांगितलं तरच. म्हणून हे काढून टाकताही येत नाही.

काका : आणि ‘लाल गोळी’, ‘गोल गोळी’ असं का लिहिलंय ते कळलं का? आपली अक्षरं या पडद्याला नीट मोजता येत नाहीत. जोडाक्षर आलं की उजवी रेघ एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, सरकते. सरांनी जोडाक्षरंच टाळलीत. बघ ना, रेघ कशी सरळ आहे.

मुलगी : मला वाटलं होतं, तिच्यासाठी सोपं लिहिलंय.

काका : तेही असेल की.

मुलगी : असो. ते वाक्य सापडलं का?

काका : सापडलं. हे बघ. सकाळी ते एफ नऊ दाबायचे, म्हणजे चौकटीत ‘घरीच आहे’ येणार. बाहेर निघताना पुन्हा दाबली की ते जाणार. ती दाबलेली नसली तर मशीन समजणार, बाहेर गेले. आणि बाहेर गेले तर...

मुलगी : साडेसहाला येतात. फिरायला जायचे ना रोज. एफ नऊ मला ठाऊक आहे. मी दाबून पाहिली.

काका : कधी?

मुलगी : तिसऱ्या आठवड्यात. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती कोपऱ्यावर उभी राहते ते बघवेना, म्हटलं, ‘घरीच आहे’ वाचून तरी घरात राहील. राहिली. बाथरूमच्या दाराबाहेर दीड तास उभी होती. ‘अहो, किती वेळ?’ म्हणत कडी वाजवत होती. मी आतून दिवा लावून दाखवला, आत कुणी नाही म्हणून. तर मला म्हणाली, मग तुम्ही आधी बाहेर या, त्यांना जायचंय.

काका : आणि... सरळ सांगून?

मुलगी : पहिला आठवडा रोज सांगितलं. रोज तिला पहिल्यांदाच कळायचं. शेजारणीनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, बाई, किती वेळा मारणार आहेस त्यांना? तेव्हापासून थांबवलं.

काका : हं.

मुलगी : तुम्ही चष्मा का काढलात?

काका : एक मिनिट. खाली आणखी एक अट घातलीये. तीन दिवस लागोपाठ कुणी एफ नऊ दाबली नाही, तर... तर हे वाक्य दाखवायचंच नाही. दुसरं दाखवायचं. त्याला नाव दिलंय, ‘मी नसताना’.

मुलगी : काय?

काका : हे बघ ना. मी नसताना.

मुलगी : तिथं काय लिहिलंय?

काका : काही नाही. दोन अवतरणचिन्हं आहेत आणि मधे काही नाही. शेजारी टीप आहे, मशीन ती वाचत नाही, आपल्यासाठी असते. वाचू?

मुलगी : मला दिसतंय. ‘इथे काय लिहू? सुचत नाही. उद्या बघतो.’

काका : हं.

मुलगी : हे कधीचं आहे? तारीख कळते का?

काका : फाइल शेवटची सेव्ह केलीये... अठरा तारखेला. दुपारी तीन.

मुलगी : ऑपरेशन एकोणीसला होतं. मला म्हणाले, किरकोळ आहे, तू सुट्टीसुद्धा घेऊ नकोस. मी घेतली नाही.

काका : तू पाणी घे थोडं.

मुलगी : नको. मला एक सांगा. तीन दिवसांनी जर हे दाखवायचं होतं आणि हे रिकामं आहे, तर चौकट रिकामी दिसायला हवी होती. साडेसहा का दिसतं?

काका : ते... ते माझ्यामुळे.

मुलगी : म्हणजे?

काका : सरांनी फोन केला होता मला, त्याच दुपारी. मी मीटिंगला निघालो होतो, एका हातात बॅग, लिफ्टसमोर उभा. म्हणाले, अरे कंसा, एखाद्या चौकटीत मजकूरच नसेल तर पडद्यावर काय दाखवावं? मी म्हटलं, सर, रिकामी चौकट वाईट दिसते, आधीचाच मजकूर राहू द्या. ते म्हणाले, आधीचाच? मी म्हटलं, हो, तीच पद्धत आहे. मग म्हणाले, बरं. आणि लिफ्ट आली.

मुलगी : तुम्ही विचारलं नाही, कसली चौकट.

काका : नाही विचारलं. चार वर्षं त्यांनी मला हेच शिकवलं, की आधी विचार, कशासाठी. आणि सर गेले तेव्हा मी आलो नाही ना पोचवायला, त्याचं कारण... जाऊ दे. कारण नाहीच काही. आलो नाही.

मुलगी : त्यांनी वाक्य लिहिलं असतं तर तुमचा सल्ला लागलाच नसता.

काका : म्हणून मी सुटत नाही.

मुलगी : सोडवत नाहीये मी तुम्हाला, वेळ नाहीये तेवढा. पावणेसहा होऊन गेले. ती जागा आहे ना तयार? मग आत लिहून टाकू काहीतरी.

काका : तू सांग, मी भरतो. तुझं तर कामच हे.

मुलगी : मी लोकांची वाक्यं तपासते, काका. रोज शंभरेक पानं. लेखक भांडतात माझ्याशी, एका स्वल्पविरामावरून दिवस घालवलाय मी. रुंदी किती आहे?

काका : चाळीस घरं.

मुलगी : चाळीस घरं. ‘मी आता नाही.’

काका : टाकू?

मुलगी : नको. दिवसातून चाळीसदा वाचणार ती ते. पडद्यावरचं तिला खरं वाटतं, माझं वाटत नाही. शेजारीण म्हणाली तेच होईल, फक्त मशीनकडून.

काका : ‘वाट बघू नकोस.’ यात जोडाक्षर नाही.

मुलगी : वाचल्यावर म्हणेल, कुणाची? आणि मग बघायला लागेल.

काका : ‘गावाला गेलोय’?

मुलगी : बॅग भरेल. आणि ते खोटंय. तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं बाबांनी... एफ नऊ मी दाबली ती दाबली. खरं लिहिता येत नाही, खोटं लिहवत नाही. त्यांनाही तेच झालं असणार. तीन वाजता दुपारी या खुर्चीत बसून. आणि मी ऑफिसात कुणाचंतरी प्रवासवर्णन तपासत होते.

काका : नुसती रिकामी ठेवू का? माझा सल्ला काढून टाकतो.

मुलगी : रिकामी दिसली की लाइन गेली म्हणेल.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

आई : कोण बसलंय माझ्या जागेवर?

मुलगी : आई, उठलीस? हे बाबांच्या...

आई : एकेक जण बोला. साहेब, तुम्ही दुरुस्तीवाले का? तीन दिवस झाले कळवून.

काका : हो वहिनी. म्हणजे, हो. दुरुस्तीलाच आलोय.

आई : मग आधी रजिस्टरला नाव लिहायचं, मग हात लावायचा. आणि या बाई कोण? नवीन लागलात का?

मुलगी : हो. नवीनच.

आई : केस बांधून बसा. कोपर टेकायचं नाही टेबलाला. मला लागलंय इथं, बघा, असं काळंनिळं होतं. किती वाजले?

मुलगी : सहा.

आई : मला सव्वासहाला निघायचंय. हे यायचेत.

काका : वहिनी, एक विचारू? तुमच्या अनुभवाचं.

आई : विचारा. पण हात चालू ठेवा.

काका : समजा, खिडकीवरचा माणूस आलाच नाही. कधी येणार तेही ठाऊक नाही. तर तुम्ही पाटी कुठली लावायचात?

मुलगी : काका.

काका : थांब गं.

आई : का आला नाही?

काका : ते... आपल्याला सांगता येत नाही.

आई : मग कारण लिहायचं नाही. लोकांना कारणाशी काय करायचंय? आणि वेळ तर मुळीच लिहायची नाही. आमच्यात एक पोरगी होती, सहा नंबरला. ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी लावली आणि गेली घरी, पोर आजारी होतं तिचं. एक म्हातारे गृहस्थ अडीच तास उभे. मी माझ्या खिडकीतून ओरडून सांगते, आजोबा, नाही येणार ती, इकडे या. तर म्हणतात कसे, लिहिलंय ना, येते म्हणून. शेवटी मी माझी खुर्ची नेऊन दिली त्यांना.

मुलगी : मग?

आई : मग काय, मी उभ्यानं काम केलं. येणार नसेल त्यानं येतो म्हणू नये, बाई. लोक थांबतात.

काका : मग लिहायचं काय?

आई : साहेब, तुम्ही दुरुस्तीवाले आणि हे मला विचारता? पाटी ठरलेली असते. ‘ही खिडकी बंद आहे. शेजारी विचारा.’ संपलं. माणूस शेजारी जातो, त्याचं काम होतं.

काका : शेजारी विचारा.

आई : शेजारी कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे, तेवढं बघायचं. नाहीतर लावू नये.

काका : कुणी बसलंय का गं?

मुलगी : लिहा.

काका : बघ, सगळं मावतंय. एकही जोडाक्षर...

मुलगी : काका, सहा दहा.

काका : झालंच. सेव्ह केलं. आता चालू करतो. अं.

मुलगी : काय झालं?

काका : चालेना.

आई : लाइन गेली का?

काका : नाही वहिनी, लाइन आहे. मीच काहीतरी... कुठंय... हा. कंस.

मुलगी : काय?

काका : शेवटचा कंस बंद करायचा राहिला.

मुलगी : अजूनही?

काका : हस की. ते असते तर हसले असते.

आई : साहेब, हसण्यावारी नेऊ नका. लोक खोळंबलेत. आणि माझ्या चपला कुठंयत? मला निघायचंय.

मुलगी : दाराशी आहेत. आई, जाण्याआधी एकदा पडदा बघून जा. दुरुस्त झालाय का ते तूच सांगायला हवं ना. सही लागेल तुझी.

आई : व्हा बाजूला. टॅब. टॅब. एफ पाच.

काका : आलं.

आई : ‘ही खिडकी बंद आहे. शेजारी विचारा.’

मुलगी : बरोबर आहे?

आई : बरोबर. रेघही सरळ आहे. मागचे साहेब यायचे, ते रेघ वाकडी करून जायचे.

काका : मग, वहिनी, चपला...

आई : चपला कशाला? कुठं जायचंय?

काका : नाही, कुठं नाही.

आई : बसा की मग. कुणी पाणी दिलं का तुम्हाला? ही गोल गोळी आहे माझी सातची. अजून लुकलुकत नाही.

(तिघांचा चहा होतो.)

मुलगी : काका, साडेसहा वाजून गेले.

काका : गेले ना. बघतोय मी. चार मिनिटं झाली. मी तुला म्हणत होतो, वाक्य सापडेल म्हणून.

मुलगी : तुम्ही तसं म्हणाला नव्हतात.

काका : मनात म्हणत होतो. निघतो आता. काही अडलं तर फोन कर. मी विचारीन, कशासाठी ते.

आई : थांबा, साहेब. सही राहिली. बाई, रजिस्टर द्या इकडे. नाही, राहू दे. हे वाच आधी. ‘शेजारी विचारा.’ शेजारी कोण बसलंय आज?

मुलगी : मी.

आई : तू का? कधी आलीस?

मुलगी : मघाशीच.

आई : किती वाळलीयस. बरं झालं, तूच आहेस. तुला विचारते मग. हे कुठं गेलेत?

मुलगी : आई...

आई : सावकाश सांग. माझ्यामागे रांग नाहीये.